द अवर ऑफ द ड्रॅगन

'द अवर ऑफ द ड्रॅगन' ही अमेरिकन लेखक रॉबर्ट ई. हॉवर्ड यांची अद्भुतरम्य साहसकादंबरी आहे. सिमेरिया या डोंगराळ प्रदेशातून आलेला रानटी योद्धा कॉनन हा तिचा नायक आहे. हॉवर्ड यांनी कॉननवर पूर्ण केलेली ही एकमेव कादंबरी होय. त्याच्याविषयीचे त्यांचे इतर सर्व पूर्ण लेखन लघुकथा व दीर्घकथांच्या स्वरूपाचे आहे. १९३४ च्या वसंत ऋतूत लिहिलेली ही कादंबरी 'विअर्ड टेल्स' या अमेरिकन मासिकात डिसेंबर १९३५ ते एप्रिल १९३६ या काळात पाच भागांत क्रमशः प्रसिद्ध झाली. पुस्तकरूपाने ती प्रथम १९५० मध्ये, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी, 'कॉनन द कॉन्करर' या बदललेल्या नावाने निघाली आणि पुढील पंचवीसेक वर्षे बहुतेक वाचकांना त्याच नावाने परिचित होती.

शीर्षकातील ड्रॅगन म्हणजे कथेतील एखादा प्राणी नव्हे. कादंबरीतील नेमेडिया या राज्याच्या ध्वजावर लाल ड्रॅगनचे चिन्ह आहे, तर कॉनन ज्या अक्विलोनियावर राज्य करतो त्याच्या ध्वजावर सिंह आहे. सिंहध्वज कोसळून ड्रॅगनध्वज वर चढतो, तो काळ म्हणजे 'ड्रॅगनची घटका'. मूळ शीर्षकात नायकाच्या विजयाऐवजी त्याच्या पराभवाचा काळ नोंदवलेला आहे. १९५० च्या प्रकाशकांनी दिलेल्या 'विजेता कॉनन' अशा अर्थाच्या नावात ही छटा पूर्णपणे हरवली.

पार्श्वभूमी

हॉवर्ड यांचा जन्म २२ जानेवारी १९०६ रोजी टेक्सास राज्यातील पीस्टर येथे झाला. वडील डॉक्टर असल्यामुळे कुटुंब टेक्सासमधील निरनिराळ्या लहान गावांत राहिले आणि अखेर क्रॉस प्लेन्स येथे स्थिरावले. त्या परिसरात खनिज तेल सापडल्यावर एकाएकी माणसांचे लोंढे आले, पैसा आला, गुन्हेगारी वाढली आणि तेल ओसरताच सारे पांगले. हा अनुभव हॉवर्ड यांच्या मनात खोलवर रुजला होता. सुधारलेली संस्कृती ही वरवरची व अल्पजीवी असते, हे त्यांचे मत त्यातून पक्के झाले असावे. याच विषयावर भयकथालेखक एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्याशी १९३० पासून त्यांचा प्रदीर्घ पत्रव्यवहार चालला. लव्हक्राफ्ट नागर संस्कृतीची बाजू घेत, तर हॉवर्ड रानटी जीवनाची.

कॉनन हे पात्र 'द फीनिक्स ऑन द सोर्ड' या कथेतून डिसेंबर १९३२ च्या 'विअर्ड टेल्स'मध्ये प्रथम अवतरले. ही कथा स्वतंत्रपणे सुचलेली नव्हती. कल या दुसऱ्या एका रानटी राजावरील आपली अप्रकाशित कथा हॉवर्ड यांनी नव्याने लिहून काढली होती. त्यामुळे वाचकांना कॉनन पहिल्याच भेटीत सिंहासनावर बसलेला दिसला. चोर, भाडोत्री शिपाई, समुद्रचाचा, टोळीप्रमुख ही त्याची आधीची रूपे नंतरच्या कथांतून, कसलाही कालक्रम न पाळता, उलगडत गेली. एखादा साहसी पुरुष आपल्या आठवणी जशा सुचतील तशा सांगतो, तशाच या कथा आपल्याला सुचतात, असे स्पष्टीकरण हॉवर्ड यांनी दिले होते. नायकाच्या आयुष्याचे शिखर वाचकाला आधीच ठाऊक असणे, ही या मालिकेची वेगळी खूण आहे आणि प्रस्तुत कादंबरीत तिला विशेष महत्त्व आहे.

या प्रकारच्या साहित्याला तेव्हा निश्चित नाव नव्हते. 'सोर्ड अँड सॉर्सरी', म्हणजे तलवार आणि चेटूक, ही संज्ञा फ्रिट्झ लायबर यांनी १९६१ मध्ये सुचवली. मायकेल मूरकॉक यांनी या साहित्यप्रकाराला नाव असावे असे म्हटल्यावरून ही चर्चा झाली होती. ती ज्या चाहत्यांच्या नियतकालिकात रंगली त्याचे नाव 'आम्रा' होते. चाचेगिरीच्या दिवसांत कॉननला मिळालेले हे टोपणनाव असून प्रस्तुत कादंबरीतील एक महत्त्वाचा प्रसंग त्याच नावाभोवती घडतो.

लेखन

कादंबरीचा जन्म एका इंग्लिश प्रकाशकाच्या पत्रातून झाला. १९३३ मध्ये हॉवर्ड यांनी आपल्या काही कथांचा संग्रह लंडनच्या डेनिस आर्चर या प्रकाशनसंस्थेकडे पाठवला. जानेवारी १९३४ मध्ये तो परत आला. कथासंग्रहांना इंग्लंडमध्ये मागणी नाही, मात्र सत्तर ते पंचाहत्तर हजार शब्दांची सलग कादंबरी लिहिल्यास पॉलिंग अँड नेस या संलग्न संस्थेतर्फे, वर्गणी घेऊन पुस्तके देणाऱ्या वाचनालयांसाठी, पाच हजार प्रतींची पहिली आवृत्ती काढता येईल, असे त्यांना कळवण्यात आले. तोवर हॉवर्ड यांच्या नावावर स्वतःचे एकही पुस्तक नव्हते. 'विअर्ड टेल्स'सारखी हलक्या कागदावरची मासिके शब्दागणिक मोबदला देत आणि तोही छापून आल्यावर, बहुधा रखडत. अशा लेखकाला या पत्राचे मोल किती वाटले असेल, याचा अंदाज त्याने पुढील काही महिन्यांत केलेल्या कामावरून येतो. मार्चच्या सुमारास हाती घेतलेली कादंबरी पूर्ण करून त्यांनी मे १९३४ मध्ये ती लंडनला रवाना केली.

नव्या वाचकांसाठी लिहीत असल्याची जाणीव कादंबरीत जागोजाग दिसते. इंग्लंडमधील वाचकाला कॉनन माहीत नव्हता, म्हणून हॉवर्ड यांनी आपल्या जुन्या कथांमधील हाती लागेल ते उत्तम साहित्य येथे पुन्हा वापरले. जादूच्या बळावर रणांगणात कैद झालेला राजा, तळघरातील बंदिवास, सुटका आणि अखेरची लढाई हा सांगाडा जानेवारी १९३३ मधील 'द स्कार्लेट सिटाडेल' या कथेतून आला आहे. हजारो वर्षांनी जागा होणारा मांत्रिक 'ब्लॅक कोलोसस'मध्ये पूर्वीच आला होता, तर आम्रा हे नाव व काळ्या खलाशांशी असलेले नायकाचे नाते यांचा धागा 'क्वीन ऑफ द ब्लॅक कोस्ट'शी जुळतो. हॉवर्ड यांच्या कथा ओळीने वाचणाऱ्याला ही पुनरुक्ती खटकू शकते. परंतु याच कारणामुळे कॉननच्या आयुष्याचे सारे टप्पे एका कथानकात ओवले गेले. कॉननची ओळख एकाच पुस्तकातून करून घ्यायची असेल, तर आजही हेच सोयीचे ठरते.

ज्या पुस्तकासाठी ही धडपड झाली ते मात्र निघाले नाही. प्रकाशनसंस्था आर्थिक अडचणीत येऊन तिचा कारभार जप्तीखाली गेला. हस्तलिखित परत मिळाल्यावर हॉवर्ड यांनी ते 'विअर्ड टेल्स'चे संपादक फार्न्सवर्थ राइट यांना विकले. त्या सुमारास याच मासिकाकडे त्यांचे आठशे डॉलरांहून अधिक मानधन थकले होते. आईच्या क्षयाच्या उपचारांचा खर्च वाढत चालला होता. मे १९३५ मध्ये त्यांनी संपादकांना पत्र लिहून या पैशांची कळकळीने मागणी केली होती.

कथानक

अक्विलोनियाचा राजा कॉनन याला पदच्युत करण्यासाठी चार जण एकत्र येतात: जुन्या राजघराण्यातील हद्दपार वारस व्हालेरियस, नेमेडियाच्या राजाचा धाकटा भाऊ तारास्कस, तॉरचा सरदार अमालरिक आणि मित्र या देवाच्या पंथातून बाहेर पडलेला मांत्रिक ओरास्तेस. 'अहरिमनचे हृदय' नावाच्या तेजस्वी रत्नाच्या साह्याने ते तीन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या झाल्टोटुन या महामांत्रिकाला जिवंत करतात. झाल्टोटुन हा अखेरॉन या लयाला गेलेल्या क्रूर साम्राज्याचा पुरोहित आहे. त्याच्या जादूने नेमेडियात महामारी पसरते, राजा व राजपुत्र मरतात आणि तारास्कस गादीवर येतो. लगेच नेमेडियाचे सैन्य अक्विलोनियावर चालून जाते.

व्हाल्कियाच्या लढाईच्या दिवशी पहाटे कॉननला त्याच्या तंबूतच चेटकाने लुळे केले जाते. सैन्याचा धीर सुटू नये म्हणून त्याचे चिलखत दुसऱ्याला चढवून रणात पाठवले जाते. तो तोतया राजा व त्याच्यामागून गेलेले घोडेस्वार कोसळणाऱ्या कड्याखाली गाडले जातात. राजा मेला अशी सर्वांची समजूत होते. प्रत्यक्षात कॉनन जिवंतपणी झाल्टोटुनच्या हाती सापडलेला असतो आणि त्याला नेमेडियाची राजधानी बेल्व्हेरस येथील तळघरात डांबले जाते. जनानखान्यातील झेनोबिया नावाची दासी त्याला किल्ल्या व खंजीर आणून देते. भुयारात सोडलेल्या राखाडी वानराला ठार मारून तो बाहेर पडतो. निसटताना एक गोष्ट त्याच्या कानी पडते: झाल्टोटुनच्या सामर्थ्याची धास्ती घेतलेला तारास्कस ते रत्न चोरून एका माणसाकडे देतो आणि समुद्रात फेकून यायला सांगतो. या देवघेवीचे महत्त्व कॉननला त्या क्षणी कळत नाही.

मायदेशी परतलेल्या कॉननला राज्य उद्ध्वस्त झालेले दिसते. व्हालेरियसने लुटालूट व कत्तल आरंभलेली असते. आपण अमालरिकच्या हातातील बाहुले आहोत हे त्याला पुरते कळलेले असते आणि त्या वैफल्यातून तो राज्याचाच विध्वंस करत सुटलेला असतो. झेलाता नावाची, लांडग्याला सोबत घेऊन राहणारी वृद्ध चेटकीण कॉननला सांगते की, त्याने आपल्या राज्याचे हृदय शोधावे. या कोड्याचा अर्थ त्याला राजधानी तारांतियात उमगतो. शिरच्छेदाची शिक्षा झालेल्या अल्बिओना या सरदारकन्येला तो जल्लादाच्या वेषात जाऊन सोडवतो. त्या धांदलीत असुर या देवाच्या गुप्त पंथाचे पुजारी त्यांना आश्रय देतात. त्यांचा प्रमुख हाद्राथस सांगतो की, झाल्टोटुनला ज्या रत्नाने जीवन मिळाले, त्याच रत्नाने त्याचा अंतही होऊ शकतो.

येथून कादंबरीचा मधला, सर्वांत चैतन्यपूर्ण भाग सुरू होतो. रत्न एका हातातून दुसऱ्या हातात जात राहते आणि कॉनन त्याच्या मागावर एकटाच निघतो. त्याच्याही मागावर व्हालेरियसने धाडलेले चार खिताई मारेकरी असतात. प्वातां प्रांतातून झिंगारा, तेथील एका लुटारू सरदाराचा किल्ला, पिशाच्चांचे रान आणि मग आर्गोस देशातील मेसान्तिया हे बंदर असा हा प्रवास आहे. बंदरात पब्लिओ नावाचा प्रतिष्ठित व्यापारी भेटतो. चाचेगिरीच्या काळात कॉननचा लुटीचा माल हाच विकत घेत असे. जुनी ओळख उघड होण्याच्या भीतीने तो कॉननवर मारेकरी घालतो. किनाऱ्यावरील झटापटीनंतर कॉनन एका आर्गोसी गलबतावर कैदी म्हणून पोहोचतो. तेथे वल्ह्यांना जखडलेले काळे गुलाम त्याला 'आम्रा' म्हणून ओळखतात, बंड होते आणि गलबत कॉननच्या ताब्यात येते.

गलबत स्टिजिया या अंधाऱ्या, पुरोहितशासित देशाच्या किनाऱ्याला लागते. खेमी नगरीत पवित्र मानलेले अजगर रात्री रस्त्यांतून मोकळे फिरतात आणि ज्याला ते धरतील त्याने मुकाट्याने मरायचे असते. कॉनन अशा एका अजगराला तलवारीने मारतो आणि त्यामुळे अख्खे शहर खवळते. पिरॅमिडच्या पोटात त्याला अकिवाशा ही राजकन्या भेटते. अमरत्वाच्या लोभाने रक्तपिपासू झालेली ही स्त्री हजारो वर्षे अंधारातच जगते आहे. अखेर स्टिजियाचे पुरोहित व खिताई मारेकरी परस्परांशी झुंजून मरतात आणि रत्न कॉननच्या हाती येते.

शेवटच्या लढाईत, झाल्टोटुन टेकडीवर बळी देऊन नवे संकट ओढवण्याच्या तयारीत असताना, हाद्राथस रत्नाच्या तेजाने त्याचे पुन्हा ममीत रूपांतर करतो. व्हालेरियसचा शेवट मात्र रणांगणावर होत नाही. ज्यांची घरेदारे त्याने उद्ध्वस्त केली अशांपैकी एक जण फितुरीचे सोंग करून त्याला धुक्याने भरलेल्या खिंडीत नेतो आणि तेथे त्याच्या अत्याचारांना बळी पडलेले लोक त्याला ठार मारतात. शरण आलेल्या तारास्कसकडून कॉनन खंडणी म्हणून सोने मागत नाही. तो झेनोबियाला मागून घेतो व तिला अक्विलोनियाची राणी करणार असल्याचे जाहीर करतो.

आशय

इतर कथांतील कॉनन भटकतो, कारण त्याला कोठेही थांबायचे नसते. या कादंबरीत तो भटकतो ते परत येण्यासाठी. राज्य हिरावले गेल्यावर त्याला आपल्या आयुष्याच्या पायऱ्या एकेक करून उलट उतराव्या लागतात: राजाचा कैदी होतो, कैद्याचा फरारी, मग भाडोत्री शिपायाच्या वेषातील वाटसरू, मग चाचा आणि शेवटी परक्या देवळात रात्री शिरणारा चोर. त्यातला मोह असा की, प्रत्येक पायरीवर त्याला मोकळे वाटते. समुद्रावर पाऊल ठेवताच राज्याची चिंता सोडून पुन्हा चाचा व्हावे, असे त्याच्या मनात येऊन जाते. तो ते करत नाही, आणि हा निर्णय कादंबरीत कोणत्याही लढाईइतकाच महत्त्वाचा आहे.

याच संदर्भात प्वातांचा सरदार त्रोसेरो व कॉनन यांच्यातील संभाषण पाहण्यासारखे आहे. अक्विलोनिया गेले तर जाऊ द्यावे, दक्षिणेकडे नवे राज्य किंवा साम्राज्य उभारावे, असा पर्याय कॉननपुढे येतो. तो नकार देतो. प्रजेच्या साह्याने गादी मिळवून तिच्या संमतीने राज्य करणे वेगळे आणि परका मुलुख जिंकून भीतीच्या बळावर राबवणे वेगळे, असा त्याचा युक्तिवाद आहे. 'द स्कार्लेट सिटाडेल'मध्येही आपल्या राज्यातील करांचा हलका भार व सरदारांवरील वचक हीच कॉननने आपल्या अधिकाराची कारणे म्हणून सांगितली होती. असुरपंथीयांशी त्याचे नाते हा याचाच पुढचा भाग आहे. इतर राज्यांत छळ सोसणाऱ्या या पंथाला कॉननने संरक्षण दिले होते. त्याच्या पडत्या काळात त्या औदार्याची परतफेड होते. धर्माच्या बाबतीत उदासीन असलेला रानटी राजा शेजारच्या सुसंस्कृत राजांपेक्षा अधिक सहिष्णू ठरतो, ही विसंगती हॉवर्ड यांनी जाणीवपूर्वक रंगवली आहे.

कादंबरीतील शत्रूंकडे एकत्र पाहिले तर त्यांच्यातील साम्य लक्षात येते. झाल्टोटुनला तीन हजार वर्षांपूर्वीचे साम्राज्य परत आणायचे आहे, व्हालेरियसकडे घराण्याच्या हक्कापलीकडे काही नाही, अकिवाशाला तारुण्य सोडवत नाही. मरायला नकार देणारा भूतकाळ अशा तीन रूपांत येतो. त्याच्यासमोर उभा आहे तो घराणे नसलेला, लोहाराच्या पोटी जन्मलेला माणूस. तथापि हेच त्याचे उणेपणही आहे. कॉननला राणी नाही व वारस नाही, म्हणून तो मेल्याची वार्ता पसरताच राज्य एका दिवसात विस्कटते, आणि कट करणाऱ्यांनी नेमके हेच हेरलेले असते. १० मार्च १९३६ रोजी पी. स्कायलर मिलर यांना लिहिलेल्या पत्रात हॉवर्ड यांनी या कादंबरीच्या वेळी कॉननचे वय चव्वेचाळीस-पंचेचाळीस असल्याचे व त्याने तोवर कोणालाही रीतसर राणी न केल्यामुळे त्याला वारस नसल्याचे नमूद केले आहे. शेवटी झेनोबियाला राणी करण्याची घोषणा ही केवळ प्रेमकथेची सांगता नसून राज्याच्या त्या दुबळेपणावरचा उपायही आहे.

हायबोरियन युग व नावे

कॉननच्या कथा अटलांटिस बुडाल्यानंतरच्या व ज्ञात इतिहासाच्या आधीच्या 'हायबोरियन युगा'त घडतात. हा कालखंड काल्पनिक असला तरी त्यातील देश वाचकाला ओळखीचे वाटावेत अशी योजना आहे. स्टिजिया म्हणजे प्राचीन इजिप्तची छाया, खिताई म्हणजे चीन, प्वातां हे नाव फ्रान्समधील प्वातू प्रांताची आठवण देते आणि सिमेरिया हे होमरच्या महाकाव्यातून आले आहे. ऐतिहासिक कादंबरी लिहिताना लागणारे संशोधन टाळून इतिहासाचा रंग तेवढा घ्यावा, यासाठी ही युक्ती सोयीची होती.

भारतीय वाचकाला त्यातील काही नावे विशेष लक्षवेधी वाटतील. अक्विलोनियाचा मुख्य देव मित्र हा वेदांत व प्राचीन इराणी धर्मात आढळणारा देव आहे. अहरिमन हे झरथुष्ट्री परंपरेतील दुष्ट शक्तीचे नाव आहे. 'असुर' हा शब्द ऋग्वेदात आरंभी देवांनाही लावला जाई, पुढे तो दैत्यवाचक झाला. इराणी परंपरेत मात्र त्याचेच 'अहुर' हे रूप परमेश्वरासाठी टिकले. कादंबरीतील असुरपंथ लोकांच्या दृष्टीने भयानक व प्रत्यक्षात हितकारक आहे. शब्दाच्या या दुहेरी इतिहासाशी ते चांगलेच जुळते, मग तो योगायोग असो वा नसो. १९३४ मध्ये आलेल्या 'द पीपल ऑफ द ब्लॅक सर्कल' या कॉननकथेत तर विंध्यावरून घेतलेले व्हेंढ्या हे भारतसदृश राज्यच आहे. या सर्व नावांचा मूळ धर्मविचारांशी फारसा संबंध नाही. हॉवर्ड यांनी ती नादासाठी व प्राचीनतेचा भास व्हावा म्हणून घेतली आहेत.

गुणदोष

कादंबरीची रचना प्रसंगांच्या साखळीची आहे. क्रमशः प्रकाशनासाठी ती लिहिलेली नसली तरी जवळपास प्रत्येक प्रकरणात एक संकट व एक सुटका आहे. अल्बिओनाच्या सुटकेनंतर त्या पात्राला कथेत विशेष काम उरत नाही. रत्नाच्या शोधात योगायोगांची संख्याही मोठी आहे. मात्र वर्णनाचा वेग, खेमीच्या निर्जन रस्त्यांसारखी दृश्ये आणि कारस्थान्यांमधील परस्परांवरचा संशय यांमुळे हे दोष वाचताना फारसे जाणवत नाहीत. चौघेही कारस्थानी एकमेकांना फसवण्याच्या तयारीत आहेत आणि झाल्टोटुन त्या सर्वांना. ही राजकीय गुंतागुंत कॉननच्या लघुकथांत क्वचितच आढळते.

वंश व स्त्रिया यांच्या चित्रणात कादंबरी आपल्या काळाची व मासिकाची बंधने ओलांडत नाही. गलबतावरील काळे वल्हेकरी बंडात शौर्य दाखवतात, पण त्यांना स्वतंत्र व्यक्तिमत्त्व मिळत नाही. गोऱ्या नेत्याच्या आगमनावरच त्यांची मुक्ती अवलंबून राहते. मानवी समूहांना उपजत स्वभाव असतो, हे गृहीतक तर संपूर्ण हायबोरियन युगाच्या मुळाशी आहे. झेनोबिया धाडसी आहे आणि नायकाचा जीव तीच वाचवते, परंतु त्यानंतर ती थेट शेवटीच व तीही केवळ उल्लेखाने परतते. डिसेंबर १९३५ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर मार्गारेट ब्रंडेज यांनी तळघरातील हाच प्रसंग रंगवला होता.

प्रकाशनाचा इतिहास

शेवटचा भाग एप्रिल १९३६ च्या अंकात आला. ११ जून १९३६ रोजी, आई शुद्धीवर येण्याची आशा नाही असे कळल्यानंतर, हॉवर्ड यांनी क्रॉस प्लेन्स येथे आत्महत्या केली. दुसऱ्या दिवशी आईचेही निधन झाले. ते तीस वर्षांचे होते. त्यांचे पहिले पुस्तक 'अ जेंट फ्रॉम बेअर क्रीक' हा विनोदी पाश्चिमात्य कथांचा ग्रंथ १९३७ मध्ये निघाला, आणि तो लंडनमध्येच निघाला.

१९५० मध्ये न्यूयॉर्कच्या नोम प्रेस या छोट्या संस्थेने प्रस्तुत कादंबरी 'कॉनन द कॉन्करर' या नावाने काढली व तिच्यापासून आपल्या कॉनन मालेला आरंभ केला. १९५३ मध्ये एस या प्रकाशनाने ली ब्रॅकेट यांच्या 'द सोर्ड ऑफ ऱ्हिअनॉन'सह एकाच बांधणीत तिची स्वस्त आवृत्ती काढली. इंग्लंडमध्ये, जेथील वाचकांसाठी ती मुळात लिहिली गेली होती, ती १९५४ मध्ये पोहोचली. खरा प्रसार झाला तो १९६७ च्या लान्सर आवृत्तीने. एल. स्प्रेग डी कॅम्प यांनी संपादित केलेल्या या मालेला फ्रँक फ्रॅझेटा यांच्या चित्रांची मुखपृष्ठे होती आणि कॉननची आज रूढ असलेली आडदांड प्रतिमा बहुतांशी त्या चित्रांतून आली आहे.

डी कॅम्प यांनी मालेत हॉवर्ड यांच्या संहितांवर संपादकीय हात फिरवला होता व इतर लेखकांच्या नव्या कथाही मिसळल्या होत्या. याविरुद्धची प्रतिक्रिया म्हणून कार्ल एडवर्ड वॅग्नर यांनी १९७७ मध्ये 'विअर्ड टेल्स'मधील पाठ व मूळ शीर्षक यांसह कादंबरी पुन्हा प्रसिद्ध केली. पुढे पात्रिस लुइने यांनी संपादित केलेल्या 'द ब्लडी क्राउन ऑफ कॉनन' या खंडात ती २००३ मध्ये समाविष्ट झाली. त्यातील चित्रे गॅरी जियानी यांची आहेत.

रूपांतरे

मार्व्हल कॉमिक्सने १९७४ पासून रॉय थॉमस यांच्या लेखनात व गिल केन यांच्या चित्रांसह या कादंबरीचे चित्ररूपांतर 'जायंट-साइज कॉनन'मध्ये सुरू केले. ते नियतकालिक मध्येच थांबल्याने उरलेला भाग 'द सॅव्हेज सोर्ड ऑफ कॉनन'मध्ये पूर्ण करण्यात आला. डार्क हॉर्सतर्फे टिमथी ट्रुमन व तोमास जोरेल्यो यांनी २०१३ व २०१४ मध्ये प्रत्येकी सहा अंकांच्या दोन मालिकांतून संपूर्ण कथा मांडली. तीत पहिल्या मालिकेला मूळ शीर्षक व दुसरीला 'द कॉन्करर' हे नाव देऊन कादंबरीची दोन्ही नावे वापरली गेली.

१९८२ च्या 'कॉनन द बार्बेरियन' या चित्रपटाचा या कथानकाशी थेट संबंध नाही. आर्नोल्ड श्वार्झनेगर यांच्यासाठी 'कॉनन द कॉन्करर' नावाच्या तिसऱ्या चित्रपटाची योजना होती व तिचा आधार प्रस्तुत कादंबरी हा होता. ती प्रत्यक्षात आली नाही. पटकथेत फेरफार करून नायक म्हणून कलला घेण्यात आले आणि केव्हिन सोर्बो यांची भूमिका असलेला 'कल द कॉन्करर' १९९७ मध्ये प्रदर्शित झाला. कॉननची पहिली कथा कलच्या कथेवरून तयार झाली होती. येथे तो प्रवास उलट दिशेने झाला.